घरातल्या कॅमेऱ्याची किल्ली कुणाकडे?

मित्रहो, २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ट्विटर, नेटफ्लिक्स, रेडिट अशी बडी संकेतस्थळं काही तास अनेकांना उघडेनाशी झाली. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता शोधून देणारी ‘डाइन’ नावाची कंपनी होती. तिच्या सर्व्हरवर त्या दिवशी अतोनात मागण्यांचा मारा झाला. मारा करत होते लोकांनी घरात, दुकानात बसवलेले कॅमेरे, त्यांचं चित्रण साठवणारे डीव्हीआर आणि राउटर.

त्यांना या कामाला जुंपणारा ‘मिराई’ नावाचा प्रोग्रॅम इंटरनेटवर अशी उपकरणं हुडकत फिरायचा आणि कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या लावून बघायचा. ‘अ‍ॅडमिन-अ‍ॅडमिन’ ही त्यातलीच एक. तेवढ्यावर लाखो उपकरणांची दारं उघडली. मालकांना बहुधा पत्ताही लागला नाही, कारण कॅमेरा नेहमीसारखा चालूच होता. मला हेच सगळ्यात जास्त खुपतं. घरफोडी झाली की निदान काहीतरी गेलेलं दिसतं. इथे सगळं जागच्या जागी असतं, मग संशय यावा तरी कशावरून?

अशा वेळी लोकांनाच बेफिकीर ठरवलं जातं. ते मला पटत नाही. त्यातल्या काही उपकरणांत पासवर्ड असा कोरून ठेवला होता की मालकाला तो बदलताच येत नव्हता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सरसकट एकच पासवर्ड घातलेली उपकरणं विकायला बंदी केली. सुरक्षेचे अपडेट कधीपर्यंत मिळणार, हेही तिथे उत्पादकाला सांगावं लागतं. खरेदी करताना हा प्रश्न आपण कुठेही विचारू शकतो, आणि विचारायलाच हवा. अपडेट थांबलेला कॅमेरा चालत राहतो, पण त्यात नव्याने सापडलेली भोकं कुणी बुजवत नाही.

आता समजा, पासवर्ड भक्कम आहे, अपडेटही वेळेवर होतात. तरी चित्रण कंपनीच्या सर्व्हरवर जात असेल, तर तिथे ते कोण बघतं? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांच्या हिताकडे लक्ष देणाऱ्या सरकारी आयोगाने, २०२३ मध्ये ‘रिंग’ या कॅमेरा कंपनीविरुद्ध तक्रार केली. एका कर्मचाऱ्याने महिला ग्राहकांच्या शयनगृहांतली, न्हाणीघरांतली हजारो चित्रणं पाहिली, असं त्या तक्रारीत म्हटलं आहे. प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटलं. टीव्हीचंही तसंच. पडद्यावर काय चाललंय, याची सेकंदासेकंदाची नोंद ‘व्हिझिओ’ने सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींमधून मालकांच्या संमतीविना गोळा केली, असा त्याच आयोगाचा आरोप होता, २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरले. यासाठी बाहेरच्या कुणाला कुलूप फोडावं लागलं नव्हतं.

राउटरवर अशा उपकरणांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क, म्हणजे पाहुण्यांसाठी असतं तसं निराळं वाय-फाय करा, उपकरण दुसऱ्याला देताना आधी फॅक्टरी रीसेट करून त्यातली आपली माहिती पुसा, हे आपण बहुतेक जण ऐकून आहात. ते कराच. मला त्यापुढचं एक सांगायचं आहे. अटी वाचून, किंवा बहुधा न वाचताच, ‘मान्य’वर बोट ठेवतो तो घरातला एकच जण. चित्रण मात्र सगळ्यांचं होतं: म्हाताऱ्या आईचं, लहान मुलाचं, कामाला येणाऱ्या बाईंचं, दोन दिवस राहायला आलेल्या मैत्रिणीचं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आज घरी गेल्यावर त्यांना कॅमेरा दाखवा, त्याला काय दिसतं, काय ऐकू येतं ते सांगा. आणि कुणी म्हणालं की मी या खोलीत असेन तोवर हा बंद ठेवा, तर कारण न विचारता प्लग काढा.