मुरगावची कंपनी आणि कुळ्याचा घाट

मंडळी, गोव्यातल्या कुळ्याहून घाट चढणारी ही रेल्वे लाइन मुळात एका खाजगी कंपनीची. १८७८ साली इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला, आणि त्याच्या आधारावर १८८१ मध्ये लंडनला ‘वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे’ उभी राहिली. भांडवल इंग्रजांचं आणि व्याजाची हमी पोर्तुगीज तिजोरीची. त्याच तहाने गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. मोबदला म्हणून पोर्तुगीजांना वर्षाला ४ लाख रुपये मिळत, पण आपल्या मिठागरांचं जे नुकसान झालं त्याचा हिशेब कुणी मांडला नाही. गोव्यात रेल्वे आली म्हणून आनंद मानताना हे विसरता कामा नये.

मुरगाव ते सावर्डे हा सपाटीचा भाग १८८७ मध्ये सुरू झाला. १८८८ मध्ये गाडी सरहद्दीपर्यंत पोचली. सगळी मिळून सुमारे ८२ किलोमीटर, मीटर गेज, म्हणजे रुळांतलं अंतर १ मीटर.

खरी परीक्षा कुळे ते घाटमाथ्यावरचं कॅसल रॉक स्टेशन. इथे चढ ३७ ला १, म्हणजे किलोमीटरमागे २७ मीटर. ५०० टनांची गाडी या चढावर नुसती उभी असली तरी साडेतेरा टनांच्या जोराने मागे ओढते. म्हणून मागून ढकलायला जादा इंजिन लागतं. पावसात रूळ ओले झाले, त्यावर पाला पडला, की चाकं जागच्या जागी फिरतात. तेव्हा चाकांपुढे वाळू सोडायची.

उतार त्याहून धोक्याचा. ब्रेक फार वेळ दाबून धरले की ठोकळे तापतात, पकड सुटत जाते. भरलेल्या वाघिणी, म्हणजे मालडबे, मग कुणाला आवरत नाहीत. यावर उपाय म्हणजे कॅच सायडिंग, मुख्य लाइनीतून फुटून चढाकडे जाणारा आंधळा फाटा. सांधा, म्हणजे गाडीचा रूळ बदलणारी जोडणी, नेहमी त्या फाट्याकडेच लावलेला असतो. गाडी त्याच्याआधी पूर्ण थांबली तरच मुख्य रस्ता मिळतो. ती थांबू शकली नाही तर फाट्यावर चढते आणि तिथेच तिचा वेग मरतो.

एवढं करूनही कंपनीला अपेक्षित माल मिळाला नाही. हुबळी-धारवाडचा कापूस मुरगावला येईल, या हिशेबावर बंदर आणि लाइन बांधलेली. पण सरहद्दीपलीकडची लाइन सदर्न मराठा रेल्वेची होती, आणि ती पुण्यालाही जाऊन मिळाली. पुण्यात ब्रॉडगेजवर माल बदलावा लागे, तरी व्यापारी मुंबईकडेच वळले, कारण जहाजं आणि पेढ्या तिथे होत्या. माझ्या मते कंपनीची चूक घाटात नव्हती. तिचं एक टोक दुसऱ्याच्या हाती होतं, हे तिचं दुखणं. १९०२ पासून तर गाड्या चालवण्याचं कामही त्याच सदर्न मराठाकडे गेलं.

१९५५ मध्ये भारताने गोव्याची नाकेबंदी केली आणि सरहद्दीवरची वाहतूक थांबली. मुक्तीनंतर, १९६२ मध्ये, ती पुन्हा सुरू झाली. १९९० च्या दशकात हाच घाट ब्रॉडगेज झाला. चढ मात्र आजही ३७ ला १ आहे.