जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण

"सातबारा आमच्या नावाचा, मग टेकाडातला काळा दगड सरकारचा कसा?" मघाशी चहा घेताना एका काकूंनी विचारलं. माझं आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे.

सातबाऱ्यात कब्जेदार, पीक, बोजा असतो. जमिनीखाली काय आहे आणि ते कुणाचं, याला तिथे रकानाच नाही. ते कायद्याने आधीच ठरवून टाकलंय. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने, कलम ६९ खाली, बिनदुमाला, म्हणजे इनाम नसलेल्या, जमिनीतल्या खाणी आणि खनिजं सरकारकडे राखली. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८ तर सगळीच खनिजं राज्याची म्हणतं. हल्ली लोक सुप्रीम कोर्टाचा २०१३ चा निकाल मोबाइलवर दाखवतात: जमीनमालक तोच खनिजाचा मालक. तो निकाल केरळातल्या मलबारच्या जन्मम, म्हणजे पिढीजात पूर्ण मालकीच्या, जमिनींचा आहे. कायद्याने हक्क काढून घेतलेला नसेल तर तो मालकाचा, असं त्यात म्हटलंय. आपल्याकडे काढून घेणारा कायदा आहे. हे न सांगता कुणी तुमच्याकडून पैसे घेत असेल, तर देऊ नका.

पण 'बिनदुमाला' हा शब्द नजरेतून सुटू देऊ नका. दुमाला म्हणजे इनाम जमिनींचं काय होतं? तिथे सनद वाचावी लागते. जुन्या सनदांत ओळ येते: "जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित". मला ही ओळ मोडी लिपीत पहिल्यांदा लागली तेव्हा मी कितीतरी वेळ तिच्यावरून बोट फिरवत होतो. पाणी, झाडं, गवत, लाकूड, दगड, पुरलेलं धन, ठेव. एकेक शब्द म्हणजे एकेक हक्क. पुरलेल्या धनाला पुढे १८७८ चा वेगळा कायदा लागला. दहा रुपयांवरचं गुप्तधन सापडलं की कलेक्टरला कळवायचं. पाषाणाचं मात्र भांडण राहिलं. पाषाण म्हणजे वरचा धोंडा की खालची खाण? त्याच्याही आधीचा प्रश्न, इनाम जमिनीचं होतं की नुसत्या शेतसाऱ्याचं? सारा तेवढा दिला असेल तर जमीन दिलीच नव्हती, मग दगड कुठून येणार?

इनामं गेली तेव्हा सनदा माळ्यावर गेल्या. खरं तर मुंबई राज्याच्या १९५२ च्या व्यक्तिगत इनाम निर्मूलन कायद्याने इनामदारांच्या चालत आलेल्या खाणी-खनिजांच्या हक्कांना हात लावला नव्हता. आज कलम ४८ पुढे असताना ती सनद दाखवून खडी फोडता येणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. पण आपल्या घराला काय मिळालं होतं आणि ते कधी गेलं, हे घरातल्या माणसांना कळायलाच हवं.

शोध उलटा चालतो. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकावरून मागे मागे जायचं, मग कडईपत्रक, म्हणजे जमिनीच्या हक्कांच्या नोंदीचा जुना कागद, दुमाला जमिनींचा गाव नमुना ३, १८६३ च्या कायद्यांखाली दिलेली सनद, आणि त्याही मागे पुण्याचं पेशवे दफ्तर. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्याआधीचं बहुतेक मोडीत. सगळ्यांत जास्त घोळ वारस नोंदीत होतो. 'ए.कु.पु.' म्हणजे एकत्र कुटुंब पुढारी, असं थोरल्याच्या नावापुढे लागलं की धाकटे भाऊ कागदावरून दिसेनासे होतात. बहिणींची नावं तर कित्येकदा लिहिलीच गेली नाहीत. तलाठ्याने लिहिलं नाही म्हणून त्या वारस नव्हत्या, असं मानू नका. वंशावळ घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारून लिहा.

आणि सनदेला लॅमिनेशन करू नका, हात जोडून सांगतो. कागद घडीवर फाटतो, तो जाणत्या माणसाकडून जोडून घेता येतो. एका घरची सनद माझ्याकडे आली ती 'काष्ठ'पर्यंत धड होती. पुढची घडी झिजून गेली होती आणि वरून प्लास्टिक चिकटवलेलं. त्या सनदेची दफ्तरातली नक्कल मी अजून शोधतो आहे.