सहस्रकुंडला गेलात तर पाण्याआधी कातळ बघा

नमस्कार मंडळी! आज आपण पैनगंगेच्या काठावर आहोत, सहस्रकुंड धबधब्याला. पलीकडे नांदेड जिल्हा, अलीकडे आपला यवतमाळ, उमरखेड तालुका.

इथं आलेला जो तो सरळ पाण्यावरच कॅमेरा रोखतो. माझं म्हणणं, आधी कातळ बघा. हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. नदीनं तो कापत कापत ही घळ केली आहे. ओला झाला की काळाकुळकुळीत दिसतो, आणि कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं ते इथंच. फ्रेममध्ये काळं जास्त, म्हणून मीटर समजतं उजेड कमी आहे आणि एक्सपोजर, म्हणजे फोटोत घेतला जाणारा उजेड, वाढवतं. मग कातळ राखाडी होतो नि पाणी पांढरंफटक. त्यात एक धारसुद्धा वेगळी दिसत नाही. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे हा उजेड कमी-जास्त करायची सेटिंग, उणे 1 वर न्या. हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटलेला नको. रॉ फाइलमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, अंधारलेला कातळ नंतर उजळता येतो, उडालेलं पांढरं परत आणता येत नाही. मोबाइल असेल तर पांढऱ्या धारेवर बोट ठेवा आणि उजेड थोडा खाली ओढा.

आता हा ओला दगड बघा. लेन्सला पोलरायझर लावलाय, मी तो फक्त फिरवतोय... गेली चकाकी! मघाशी दगडावर आभाळ चमकत होतं, आता भेगा दिसतात, शेवाळाचा हिरवा रंग दिसतो. दीड-दोन स्टॉप उजेड जातो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), जाऊ द्या. धबधब्यासाठी एकच फिल्टर घेणार असाल तर हाच घ्या.

शटरचं म्हणाल तर 1/15 सेकंदाला सहा स्टॉपचा एनडी, म्हणजे उजेड अडवणारा काळसर फिल्टर, लावला की साधारण 4 सेकंद मिळतात. पण भर पुरात ते करू नका, गढूळ पाण्याची नुसती सपाट चादर येते. तेव्हा 1/500 ठेवा, पाण्याचा जोर पकडा. पाणी ओसरून धारा सुट्या झाल्या की ट्रायपॉडवर अर्धा सेकंद पुरे. धार पेळूसारखी मऊ येते, तरी तिचे तंतू दिसतात.

आणि एक, हे फार जीव तोडून सांगतोय. वर इसापूर धरण आहे. दरवाजे उघडले की इथं ऊन असतानाही पाणी चढतं. पाण्याचा रंग बदलला, काटक्या-पालापाचोळा वाहत यायला लागला, आवाज वाढला, की ट्रायपॉड उचलायलाही थांबू नका. आधी काठावर या.