आजीचं कुटार आणि दवाखान्यातली नळी

नमस्कार, श्रोतेहो.

आज बोलायचंय पॉलियुरेथेनबद्दल. नाव अवघड, पण वस्तू घरातलीच. सोफ्यातला फोम, बुटाचा तळ, हे पॉलियुरेथेन. १९३७ साली जर्मनीत ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते शोधलं. आज शिरेत घालायच्या बऱ्याच नळ्या, पेसमेकरच्या तारेवरचं आवरण, जखमेवरची पारदर्शक पट्टी, यांतही तेच असतं. मऊ असतं, हवं तसं वाकतं. पण पातळ पापुद्रा केला की ताणाला कमी पडू शकतं. म्हणून त्यात नॅनोसेल्युलोज मिसळतात, म्हणजे आपल्या कापसाचा धागा ज्या सेल्युलोजचा बनलेला असतो, त्याचेच अतिसूक्ष्म कण.

मिसळतात म्हणजे काय, ते मला माझ्या आजीनं शिकवलं.

काटोलकडे आमचं गाव. मृग लागायच्या आधी आजी मातीच्या भिंतींना नवा गिलावा द्यायची. पांढरीची माती अंगणातल्या खड्ड्यात रात्रभर भिजायची. सकाळी आम्ही पोरं ती तुडवायचो. गार चिखल पोटऱ्यांपर्यंत यायचा. आजी काठावर कुटाराची, म्हणजे भुशाची, टोपली घेऊन बसायची आणि मूठमूठ भुरभुरायची. एक मूठ, मग तुडवणं. पुन्हा एक मूठ, पुन्हा तुडवणं. कुटार नसेल तर माती वाळताना तडकते, हे आपल्याकडे कुणालाच सांगावं लागत नाही.

मी दहा वर्षांचा असेन. एके दिवशी आजी आत गेली आणि टोपली माझ्याकडे आली. मला नदीवर जायचं होतं. मी अख्खी टोपली एका कोपऱ्यात रिकामी केली, वरून चार पावलं मारली आणि पळालो. त्या गाऱ्यानं पश्चिमेची भिंत लिंपली गेली. वरून सारवल्यावर ती इतर भिंतींसारखीच दिसत होती.

मृगाचा तिरपा पाऊस दोन रात्री लागला. तिसऱ्या सकाळी त्या भिंतीचा ताटाएवढा पोपडा अंगणात पडलेला. आजीनं तो उचलला आणि गुडघ्यावर मोडला. आत कुटाराचा गोळा होता, सुगरणीच्या खोप्यासारखा, आणि त्या गोळ्यात मातीचा कण नव्हता. आजी रागावली नाही. त्या गोळ्यावरून अंगठा फिरवत म्हणाली, "कुटार तं टाकलं तुनं पोरा, पन कालोलं नाही."

टाकलं, पण कालवलं नाही. श्रोतेहो, आजच्या विषयातलं हेच लक्षात ठेवा.

कापूस साधारण चौसष्ट टक्के गंधकाम्लात, ४५ अंशांच्या आसपास ठेवला की धाग्यातला सैल भाग निघून जातो आणि नॅनोसेल्युलोजचे स्फटिक उरतात. जाडी काही नॅनोमीटर, लांबी शे-दोनशे. आपला केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या घरात असतो, त्यावरून अंदाज करा. ताठपणात हे कण ॲल्युमिनियमच्या वर जातात. पण ते एकमेकांना घट्ट धरतात. पाणी आटलं की गोळा होतात. आणि पाणी तसंच ठेवावं, तर पॉलियुरेथेन ज्यापासून बनतं त्या आयसोसायनेट नावाच्या रसायनाला ते चालत नाही. कार्बन डायऑक्साइड सुटतो, बुडबुडे धरतात. म्हणून आधी पाणी काढून दुसरं द्रावक घालतात, किंवा पाण्यातच बनणारं पॉलियुरेथेन घेतात. प्रमाणही बहुतेकदा थोडंच, वजनाच्या काही टक्क्यांत. जास्त घातलं की गोळे होतात आणि पापुद्रा गोळ्यापाशीच फाटतो. माझ्या भिंतीसारखा.

इथे मनातलं एक बोलतो. वेचणी संपली की आपल्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, धुऱ्यावर रचून पेटवतात. त्या धुरात सेल्युलोजच जळत असतं. सरकीवरच्या बारीक तंतूतही तेच असतं. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत नॅनोसेल्युलोजचा प्रायोगिक कारखाना आहे. कापूस आपला, तर असे कारखाने विदर्भात दिसले पाहिजेत. मला हे मनापासून वाटतं.

आता शरीराचं. कापूस निसर्गाचा म्हणून शरीर त्याला घेईलच, असं धरू नका. प्रश्न उरतो तो मागे राहिलेल्या गोष्टींचा: न धुतलेलं आम्ल, शिल्लक आयसोसायनेट, द्रावकाचा अंश. म्हणून तुकडा द्रवात ३७ अंशांवर ठेवतात आणि तो द्रव जिवंत पेशींवर घालतात. तीसहून अधिक टक्के पेशी मेल्या, तर पदार्थ पेशींना घातक मानतात. रक्ताशी संबंध येणार असेल तर तांबड्या पेशी फुटतात का, तेही पाहतात. मिश्रण बदललं की चाचणी पुन्हा. पुन्हा सांगतो, मिश्रण बदललं की चाचणी पुन्हा.

आणि एक. गाईच्या पोटातले जंतू सेल्युलोज पचवतात. आपल्या शरीराजवळ ते तोडणारं विकर नाही. आत गेलेलं सेल्युलोज तिथेच राहतं. वर्षानुवर्षं टिकायला हव्या अशा नळीला ते चालेल. पण नवी ऊती भरून आल्यावर विरून जायला हवा, अशा आधाराच्या जाळीत ते घालायचं की नाही, हे आधीच ठरवावं लागतं.

नमस्कार.