सुभद्रेचं वय

मंडळी, नमस्कार. विषय मला दिलाय 'संगीत नाटकातल्या तरुण गायिका-अभिनेत्रीची कारकीर्द'. घरी हे सांगितलं तर बायको म्हणाली, 'तुम्ही ना गायिका, ना अभिनेत्री, आणि तरुण तर मुळीच नाही.' तिन्ही गोष्टी खऱ्या. मी पायपेटी वाजवतो. तुम्ही तिला ऑर्गन म्हणता. पण दिग्दर्शकालाही दिसत नाही असं एक मला दिसतं. आम्ही साथीदार रंगमंचाच्या खाली, पुढच्या बाजूला बसतो. तिथून रंगमंचाची फळी बरोबर डोळ्यांच्या रेषेत येते. तेव्हा बत्तीस वर्षं मी नायिका पाहिल्या त्या पायांपासून वर.

आणि पाय खोटं बोलत नाहीत हो. चेहऱ्यावर विरह असतो, हात विंगेकडे असतो, आणि नऊवारीच्या काठाखाली उजव्या पायाचा अंगठा त्रितालाच्या मात्रा मोजत असतो. तेराव्या मात्रेला तो जरा ताणला जातो, समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, टेकतो. मी वर तोंड करून बघतच नाही. अंगठ्यावर लक्ष ठेवतो आणि वाजवतो.

अशाच एका अंगठ्याची आज गोष्ट सांगणार आहे. मुलीचं नाव सांगत नाही, कारण ती अजून काम करते आणि तिला हे आवडणार नाही. डोंबिवलीची. बाराव्या वर्षापासून ख्याल शिकलेली. कॉलेजात असताना राज्य संगीत नाट्य स्पर्धेत उतरली, तिथं कुणीतरी पाहिलं आणि 'सौभद्र'च्या आमच्या प्रयोगासाठी तिला बोलावलं. सुभद्रेसाठी. वय एकवीस.

पहिली तालीम दादरला एका शाळेच्या वर्गात, बाकं भिंतीला लावून. गाण्याची तयारी उत्तम. काळी चार पट्टीत स्वच्छ लागणारा आवाज. पद सुरू झालं आणि बाई सुभद्रा राहिलीच नाही. मांडी तेवढी घालायची बाकी होती! डोळे मिटले, एक हात कानाकडे, दुसरा हवेत तान काढतोय. समोर सुभद्रेची सखी कुसुमावती झालेली बाई बिचारी उभी. तिनं करायचं काय? तिनं पदर नीट केला, मग पुन्हा नीट केला.

आमचे दिग्दर्शक काही बोलले नाहीत. पद संपल्यावर तिला म्हणाले, 'आता हेच पद गाऊ नकोस. नुसतं बोल. तिला सांग.' ती बोलायला लागली आणि तिसऱ्या ओळीला अडकली. पाठ नव्हतं असं नाही. चालीशिवाय ते शब्द तिनं कधी तोंडातून काढलेच नव्हते. पुढचे आठ दिवस तिला पद गायला बंदी. मी पेटी झाकून चहा प्यायचो.

मंडळी, इथं जरा थांबतो, कारण हा दोष तिच्या एकटीचा नाही. 1880 साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' आणलं, 1882 मध्ये 'सौभद्र'. 'सौभद्रा'त शंभराहून जास्त पदं. नाटक रात्रभर चालायचं, प्रेक्षक गाण्यासाठी यायचा, वन्समोअरवर वन्समोअर व्हायचे. जुनी छापील पुस्तकं उघडलीत तर प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्या कुठल्यातरी गाण्याचे शब्द दिसतात, कारण तेव्हा चाल आधी ठाऊक असायची आणि शब्द तिच्यावर बसायचे. या वारशातून आलेली मुलगी गाणं वेगळं शिकते आणि अभिनय वेगळा, आणि दोन्ही एकत्र आले की एकाला बाहेर काढते.

आता एक बारीक गोष्ट सांगतो. पदाआधीचं जे शेवटचं वाक्य असतं, त्या वाक्याखाली मी हळूच षड्ज, म्हणजे 'सा', भरतो. प्रेक्षकाला तो ऐकू येतो, पण जाणवत नाही. नटीनं तो ऐकायचा असतो, आणि ऐकल्याचं दाखवायचं नसतं. कच्ची मुलगी सूर आला की थबकते, गळा साफ करते, एक पाऊल पुढे येते. पक्की नटी तेच वाक्य बोलता बोलता आवाजाची पट्टी सुराजवळ नेते आणि शेवटचा शब्द जवळजवळ षड्जावरच टाकते. मग बोलणं कुठं संपलं आणि पद कुठं सुरू झालं ते कळत नाही. हे आमच्या मुलीला जमायला चाळीसेक प्रयोग लागले. ज्या दिवशी जमलं त्या दिवशी मी विसरून षड्ज जरा मोठाच भरला, आनंदानं.

बरं, वयाचा मुद्दा. आज माझं म्हणणं खरं तर तेवढंच आहे.

आपल्या जुन्या नाटकांतली नायिका किती वर्षांची असते? 'सौभद्रा'तली सुभद्रा, 'स्वयंवरा'तली रुक्मिणी, 'मानापमाना'तली भामिनी, सगळ्या उपवर. 'शारदा' तर 1899 मध्ये जरठ-कुमारी विवाहाच्या विरोधातच लिहिलेलं, शारदा कोवळी नसेल तर नाटकच उभं राहत नाही. आणि या कोवळ्या मुलींच्या तोंडी जी पदं आहेत ती गायला गळा लागतो तिशीच्या पुढचा. ठहराव, श्वास, खालच्या सुरांतलं वजन, हे सगळं रियाजानं येतं आणि रियाजाला वर्षं लागतात. म्हणजे चेहरा बसतो तेव्हा गळा तयार नसतो, आणि गळा तयार होतो तोवर म्हणतात, 'बाई, आता सुभद्रा शोभत नाही.'

बालगंधर्वांना असं कुणी म्हटलं नाही. 1916 च्या 'स्वयंवरा'त ते रुक्मिणी झाले तेव्हा अठ्ठावीस वर्षांचे होते, आणि पुढं पन्नाशी उलटली तरी स्त्रीभूमिका करत राहिले. मला त्यांच्याबद्दल केवढा आदर आहे ते माझ्या घरातल्या तसबिरीला विचारा. पण त्यांना प्रेक्षकानं जी सूट दिली ती त्यांच्यानंतर आलेल्या एकाही बाईला दिली नाही. पुरुष बाई झाला की प्रेक्षक कानांनी पाहतो. बाई बाई झाली की तो वय मोजायला लागतो. आता तुम्ही हसताय, पण मध्यंतरात बटाटेवड्याच्या रांगेत काय बोलता ते आम्हाला ऐकू येतं.

यातून वाट काढणारी पहिली मोठी बाई मला ज्योत्स्नाबाई भोळे वाटतात. बायकांनी नाटकात काम करणं त्यांच्याआधीही होतं. नुसत्या बायकांच्या मंडळ्या होत्या, हिराबाई बडोदेकरांनी भावंडांना घेऊन नाटकं केली. पण 1 जुलै 1933 ला इथं मुंबईत 'नाट्यमन्वंतर' या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' केलं, त्यात ज्योत्स्नाबाई आणि पद्मावती वर्तक या दोघी घरंदाज बायका पुरुष नटांसमोर उभ्या राहिल्या. ज्योत्स्नाबाई तेव्हा एकोणीस वर्षांच्या. मूळच्या गोव्यातल्या बांदिवड्याच्या, पण लहानपणीच मुंबईला आलेल्या. त्या नाटकात गाणी मोजकी होती, त्यांचे पती केशवराव भोळे यांनी दिलेली, घरातल्या माणसानं घरात म्हणावीत अशी. तिथं तान घेऊन उभं राहायला जागाच नव्हती.

मग 1942 चं 'कुलवधू'. मो. ग. रांगणेकरांचं नाटक, संगीत मास्टर कृष्णरावांचं. त्यातली भानुमती ही लग्न झालेली, सिनेमात काम करणारी, नवऱ्याशी ज्याच्यावरून खटका उडावा असं स्वतःचं आयुष्य असलेली बाई. ज्योत्स्नाबाई अठ्ठावीस वर्षांच्या होत्या आणि भूमिका त्यांच्या वयाची होती. गळा आणि चेहरा एका तारखेला भेटले, असं माझे गुरुजी म्हणायचे. असं भेटायला रांगणेकरांसारखा लिहिणारा लागतो. बाईनं एकटीनं जमवायची ही गोष्टच नाही.

पुढं संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांचा काळ आला. 1964 ला 'मत्स्यगंधा', आशालता वाबगावकर. पदं आटोपशीर झाली, चाली भूमिकेतून निघायला लागल्या. आशालताबाईंचा त्यातला आवाज ऐकून आजही माझ्या हातातली कामं थांबतात. पण आज घराघरांत त्यांना ओळखतात ते हिंदी-मराठी सिनेमातल्या आईच्या भूमिकांमुळे. गाणारी मत्स्यगंधा पडद्यावर न गाणारी आई झाली. मला त्याचं वाईट वाटतं. त्यांना वाटलं का, ते मला माहीत नाही, आणि पोट सगळ्यांना असतं.

कीर्ती शिलेदारांचं उलटं. जयराम-जयमालाबाईंची मुलगी, संगीत नाटक घरातच. 1972 च्या 'स्वरसम्राज्ञी'त त्या मैना झाल्या, वय वीस. विद्याधर गोखल्यांनी बर्नार्ड शॉच्या 'पिग्मॅलियन' नाटकाच्या बीजावर ते रचलं. त्यातली मैना तमाशातली गाणारी, तिला शिकवून मोठी गायिका करायची. म्हणजे नटीला आधी न शिकलेल्या गळ्यानं गावं लागतं आणि मग शिकलेल्या. तुम्ही कधी तयार गळ्यानं मुद्दाम कच्चं गाऊन पाहिलंय? सुरात राहून? फार अवघड. वाढत जाणारा गळा हाच तिथं नाटकाचा विषय, मग वीस वर्षांची असणं आड येत नाही. कीर्तीताईंनी शेवटपर्यंत संगीत नाटक सोडलं नाही. 2018 ला मुलुंडच्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या.

आमच्या मुलीकडं परत येतो. सुभद्रा तिनं नऊ वर्षं केली. नऊ वर्षं म्हणजे काय, ते मुंबईत नाटक केलेल्यांना कळेल. ती फोर्टमध्ये एका बँकेत लागली. शनिवार-रविवारच्या रात्री नाट्यगृहाच्या चांगल्या तारखा विनोदी नाटकांना. आम्हाला बुधवारची दुपार, नाहीतर कुठल्यातरी मंडळाचा वर्धापनदिन. वादकांसकट आमचा ताफा मोठा, त्यामुळं निर्माता आधी खर्चाचा कागद बघतो. नाइट, म्हणजे एका प्रयोगाचं मानधन, मिळायची, पण तिच्यावर घर चालत नाही. ती साडेपाचला बँकेतून निघायची, गाडीत कोमट पाण्याची बाटली मांडीवर, आणि पार्ल्याला किंवा बोरिवलीला पोचेपर्यंत तोंड मिटून नुसतं गुणगुणायची. समोरच्या बाईला वाटायचं, हिचं डोकं दुखतंय.

एका गणपतीत मात्र हट्ट नडला. दहा दिवसांत चौदा कार्यक्रम. नाट्यगीतं, भावगीतं, वर निवेदनही. तिला वाटत होतं गाण्यानं आवाज बसतो. बसतो तो बोलण्यानं. लाउडस्पीकरवरून ओरडून निवेदन करायचं आणि लगेच तार सप्तकात जायचं, कुठला गळा टिकेल? अकराव्या दिवशी प्रयोग होता आणि तिचा पंचम फुटला. मी पट्टी उतरवून पांढरी तीनला आणली, तबलजीला डोळ्यांनी सांगितलं, त्यानं पटकन तबला बदलला. प्रेक्षकांना कळलं नाही. पण अर्जुनाला कळलं, कारण पुढचं पद त्याचं होतं आणि मी पट्टी परत चढवायला विसरलो. महिनाभर डॉक्टरनं मौन सांगितलं. बँकेत ती चिठ्ठ्या लिहून काम करायची.

आज मुलींना दुसऱ्या वाटाही आहेत. गाण्याच्या स्पर्धा टीव्हीवर असतात, मालिकांची शीर्षकगीतं असतात. मला त्यांचं वावडं नाही. फक्त तिथं दीड मिनिटात टाळी घ्यायला शिकवतात, आणि संगीत नाटकात पदानंतर लगेच दुसऱ्याचं वाक्य ऐकायचं असतं. मला आशा वाटते ती 'देवबाभळी'सारख्या नाटकामुळे. 2017 ला आलेल्या प्राजक्त देशमुखांच्या त्या नाटकात शुभांगी सदावर्ते आणि मानसी जोशी, फक्त दोघी. आवली आणि रखुमाई. एक गरोदर, एक रुसून आलेली. दोघींचीही लग्नं कधीच झालेली, त्यामुळं उपवर दिसायचा प्रश्नच नाही. अशी चार नाटकं आणखी लिहा म्हणावं, म्हणजे तिशीतल्या गळ्यांना घर मिळेल. लेखक मंडळी इथं बसलेली आहेत, त्यांच्याकडं बघून बोलतोय.

तर नऊ वर्षांनी निर्मात्यानं नवी मुलगी आणली. बावीस वर्षांची. आमच्या मुलीला म्हणाले, 'तू रुक्मिणी कर.' 'सौभद्र' पाहिलेल्यांना ठाऊक आहे, रुक्मिणी रुसते आणि कृष्ण तिला पदांनी मनवतो. नाटकातली सगळ्यात लाडकी पदं त्या प्रवेशात आहेत आणि ती कृष्णाची आहेत. रुक्मिणीनं ऐकायचं. ती मला फोनवर म्हणाली, 'काका, आत्ता कुठं माझा खर्ज लागायला लागलाय, आणि आता मला ऐकायला बसवतायत.' मी काय बोलणार? म्हटलं, 'ये तालमीला.'

पहिला प्रयोग गिरगावात, साहित्य संघाच्या नाट्यगृहात. कृष्णाचं पद सुरू झालं. मी सवयीनं तिच्या पायाकडं बघितलं, की तिचा अंगठा चालत असेल, आणि माझं काम सोपं होईल. ती पाठ करून बसली होती, पाय पुढं, पैंजण दिसत होतं. अंगठा हललाच नाही. दुसऱ्या अंतऱ्याला तिनं पाऊल जरासं आत ओढून घेतलं, मान न वळवता. बस्स, तेवढंच. रुसवा निघाल्याचं मला जमिनीवर दिसलं.

आणि ते बघण्याच्या नादात माझं एक आवर्तन चुकलं. कृष्ण समजूतदार होता, मुखडा पुन्हा एकदा घेऊन त्यानं मला सावरलं. लोकांना वाटलं, मुद्दामच घेतला. त्यांनी वन्समोअर दिला.