कॉम्प्युटर जुना झालाय, पण अडतंय कुठे?

नमस्कार श्रोतेहो. कॉम्प्युटरचं बटण दाबावं, चहा करून आणावा, तरी पडद्यावरचं चक्र आपलं फिरतंच आहे. मशीन आठ-दहा वर्षांचं झालं की हे सुरू होतं, आणि मग घरात एकच विषय: यात पैसे घालायचे की नवा घ्यायचा? त्याआधी ते नेमकं कुठे अडतंय हे बघायला हवं. नाहीतर आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

उदाहरणाला घरोघरी दिसणारं एक मशीन घेऊ. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, एच-81 मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जोडले जातात तो मुख्य बोर्ड, 4 जीबी रॅम, 1 टीबीची हार्ड डिस्क. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स निवडा आणि रोजची कामं करत दहा मिनिटं आकडे बघत राहा. बहुतेक वेळा प्रोसेसर निवांत असतो आणि डिस्क मात्र 100 टक्क्यांना चिकटलेली असते.

याचं कारण डिस्कच्या पोटात आहे. हार्ड डिस्कची तबकडी मिनिटाला 7200 फेरे मारते, आणि प्रत्येक फाइलसाठी एक छोटा दांडा योग्य जागी सरकावा लागतो. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली लागतात. सगळा वेळ त्या सरकण्यात जातो. हार्ड डिस्कच्या जागी बसणारी एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नाही. म्हणून त्याच जुन्या प्रोसेसरवर मशीन एकदम मोकळं चालायला लागतं. पैसे घालायचेच असतील तर पहिले इथे घाला.

घेताना मात्र अडीच इंची साटा एसएसडीच मागा, म्हणजे हार्ड डिस्कसारखी साटा केबलने जोडायची. पट्टीसारखी दिसणारी एम-टू एसएसडी बसवायला या बोर्डांवर सहसा जागाच नसते. एच-81 वर चार साटा पोर्ट असतात, त्यांतले दोनच सेकंदाला 6 गिगाबिट वेगाचे. केबल त्यांतल्या एकात लावा. विंडोज टाकण्याआधी बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, साटा मोड एएचसीआय आहे ना, बघा. आधी विंडोज टाकून नंतर मोड बदललात, तर बहुधा विंडोज अडकल्याचा निळा पडदा येईल. आणि विंडोज टाकताना जुन्या डिस्कची केबल काढून ठेवा. ती जोडलेली राहिली तर बूटच्या, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, फाइली कधीकधी तिच्यावरच जाऊन बसतात, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरूच होत नाही.

आता रॅम. 4 जीबीत आजचा ब्राउझरही धड मावत नाही. 8 हवीच, आणि हा बोर्ड 16 पर्यंत घेतो. मात्र या बोर्डाला डीडीआर-3 प्रकारची रॅम लागते, नंतरची डीडीआर-4 नाही. रॅमच्या पट्टीवर खालच्या कडेला एक खाच असते. डीडीआर-3 ची खाच एका जागी, डीडीआर-4 ची दुसऱ्या. बसत नसेल तर जोर लावू नका, पट्टीच वेगळी आहे. बरोबर पट्टी दोन्ही टोकांना दाबली की बाजूचे चिमटे टक् आवाज करून स्वतःहून बंद होतात. बाजारात 8 जीबीच्या काही स्वस्त डीडीआर-3 पट्ट्या फक्त एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या प्रोसेसरांसाठीच्या बोर्डांवर चालतात. इंटेलच्या बोर्डात त्या घातल्या तर मशीन सुरू होत नाही, आणि दोष उगाच बोर्डाला लागतो. दुकानात हे विचारूनच घ्या.

एक अगदी किरकोळ गोष्ट. वेबसाइट उघडत नाहीत, सुरक्षिततेच्या सूचना येतात, तेव्हा कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरचा सीआर-2032 हा नाण्याएवढा सेल संपलाय. तारीख चुकली की साइटचं प्रमाणपत्र अवैध ठरतं. सेल बदला, नव्या मशीनची गरज नाही.

मग थांबायचं कुठे? मदरबोर्डापाशी. बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे त्या उभ्या डब्या, वरून फुगल्या असतील, किंवा प्रोसेसरच कमी पडत असेल, तर चौथ्या पिढीवर नवीन काही घालू नका. नवा प्रोसेसर म्हणजे नवा बोर्ड, नवा बोर्ड म्हणजे नवी रॅम. जुनी उरते ती पेटी. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसरी मर्यादा विंडोजची. विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर. आपलं मशीन त्यात बसत नाही. आडमार्गाने ते टाकता येतं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. बँकेचे व्यवहार त्यावर करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. मेल, ब्राउझर आणि मराठी टायपिंग एवढंच काम असेल तर एसएसडीवर लिनक्स मिंट ही विंडोजऐवजी वापरायची मोफत प्रणाली उत्तम चालते. हिशेबाचं टॅली सॉफ्टवेअर मात्र तिथे थेट चालत नाही. ज्यांचा हिशेब टॅलीवर आहे, त्यांनी नवं मशीनच घ्यावं, आणि घेण्याआधी आपल्या जुन्या प्रिंटरला विंडोज 11 चा ड्रायव्हर मिळतो का, तेही तपासावं.

काहीही ठरवलंत तरी जुनी हार्ड डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. महिनाभर कपाटात ठेवा. टॅलीचा डेटा आणि डेस्कटॉपवरचे फोटो राहून गेल्याचं तेवढ्या वेळात हमखास लक्षात येतं.