हिरड्याचा काळा

(दृश्य: नदीकाठच्या गोट्यांवर वाळत घातलेलं सुती कापड. लाल-काळी नक्षी.)

हे अडीच मीटर कापड माझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाचं. विषयाचं नाव लांबलचक होतं, पण आम्ही सगळे त्याला नुसतं 'सरफेस' म्हणायचो. सरफेस म्हणजे कापडाचा वरचा भाग. नक्षी त्या वरच्या भागावर काढायची असते, असंच मी तोवर धरून चालले होते.

मी आंबेगाव तालुक्यातली, भीमाशंकरच्या डोंगराकडची. उन्हाळा लागला की आमच्याकडे घरटी माणसं बाळहिरडा गोळा करायला रानात जातात. कोवळं फळ पाडायचं, कातळावर वाळवायचं, गोणी भरून व्यापाऱ्याला घालायची. पुढे तो औषधाला जातो, एवढंच आम्हाला ठाऊक. थंडीत पिकलेला मोठा हिरडा वेगळा. वाळला की त्याच्या अंगावर पाच कंगोरे उठतात आणि आडवा कापला तर आत चांदणी दिसते. ती चांदणी मी माझ्या नक्षीसाठी घेतली.

संगणकावर नक्षी देखणी झाली होती. पाच रंग, दोन फुटांची पुनरावृत्ती, पानांच्या बारीक शिरा. ती घेऊन मी मध्य प्रदेशात गेले, धार जिल्ह्यातल्या बाघ गावी. पूर्वीच्या शिंद्यांच्या ग्वाल्हेर संस्थानचा हा मुलूख. इथले लाकडी ठशांनी कापड छापणारे खत्री मूळचे सिंधकडचे. सोबत घरच्या मोठ्या हिरड्याची एक पिशवी नेली होती, भेट म्हणून.

ज्यांच्याकडे राहिले त्या चाचांनी माझा कागद पाहिला आणि विचारलं, "बेटी, याचा ठसा कोण उचलणार?"

खरंच होतं. दोन फुटी लाकडी ठसा एका हाताने उचलून, नेमका टेकवून, वरून मूठ मारायची कशी? नक्षी सहा इंचांवर आली आणि पाच रंगांचे दोन झाले. गुजरातेतल्या पेथापूरला सागवानात दोन ठसे कोरून घेतले. एक रेखेचा, म्हणजे बाहेरच्या रेषेचा, आणि दुसरा आतल्या भरावाचा. पानांच्या शिरा गेल्या. तेव्हा मी हळहळले होते. आज ते दोन ठसे हातात घेतले की वाटतं, नक्षीत ठेवण्याजोगं जे होतं ते सगळं राहिलंय.

(दृश्य: एरंडेल आणि खाराच्या पाण्यात कापड तुडवणारे पाय.)

मग बरेच दिवस मी एकही ठसा मारला नाही. आधी कापड धुवायचं. मग मीठखार, एरंडेल आणि बकरीच्या लेंड्या कालवलेल्या पाण्यात ते तुडवायचं, गुंडाळून ठेवायचं, वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. माझ्या वेळापत्रकात याला एक दिवस होता. पण खळ राहिली तर रंग चट्ट्याचट्ट्यांनी बसतो, आणि माझ्या पहिल्या नमुन्यावर तो तसाच बसला, कारण मी घाई केली होती.

त्यानंतर हिरडा. चाचांनी माझीच पिशवी उघडली. दळलेला हिरडा पाण्यात कालवला, कापड बुडवलं, ते पिवळसर होऊन वर आलं. हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं आणि ते धाग्यात मुरतं. सुती धागा लोहाचा आणि फिटकरीचा, म्हणजे तुरटीचा, क्षार एकटा नीट धरून ठेवत नाही, टॅनिन तो धरायला मदत करतं.

छपाईत रंग नसतोच, हे मला तिथे कळलं. एका तबकात लोहाची खळ, दुसऱ्यात फिटकरीची, दोन्ही चिंचोक्याच्या लगद्यात घट्ट केलेल्या. लोहाचा ठसा हिरड्यावर टेकताच काळा पडतो. फिटकरीचा मात्र नुसता ओला डाग. लाल कुठे आहे, हे छापणाऱ्याला मनातच धरावं लागतं.

आठ-दहा दिवस कापड तसंच पडू दिलं. मग बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतलं आणि तांब्याच्या हंड्यात भट्टीवर चढवलं. पाण्यात अलिझरीन, म्हणजे लाल रंग, आणि धायटीची फुलं. हा लाल पूर्वी बारतोंडीच्या मुळ्यांतून काढायचे. अलिझरीन प्रयोगशाळेत तयार झालं 1868 मध्ये. फुलं का, तर कोऱ्या जागेवर लाली चढू नये म्हणून. आमच्या रानात धायटी किती फुलते, आणि मी तिच्यातला मध चोखण्यापलीकडे तिचा विचार केला नव्हता.

हंड्यातून कापड बाहेर आलं आणि त्या ओल्या डागांच्या जागी लाल उमटला होता. मी रडले. का, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

(दृश्य: लांबून दिसणारं कापड. तिरक्या पांढऱ्या पट्ट्या.)

चाचा मात्र वाळवणीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रस्ता पडलाय." प्रत्येक ओळ मी निम्म्याने खाली सरकवली होती, नियमाप्रमाणे. पण दोन चांदण्यांमधली कोरी जागा एकीला एक जोडत गेली आणि कापडभर तिरक्या वाटा उमटल्या. टेबलाशी वाकून पाहताना त्या दिसत नाहीत. मी तीन महिने चांदणी रेखाटत बसले होते. चांदण्यांमधल्या जागेला एक दुपारही दिली नव्हती.

आज तुम्ही पाहताय ते दुसरं कापड. त्यात मी फक्त एक टिंब वाढवलं, त्या वाटेवर.

(दृश्य: डोंगरातलं घर. आजीच्या मांडीवर कापड.)

घरी आले तेव्हा आजीने कापड उलटंपालटं करून पाहिलं. "ह्यात आपला हिरडा कुठाय गं?" पिवळा तर भट्टीत निघून गेला होता. मी काळ्या रेषेवर बोट ठेवलं. हिरडा आणि लोखंड, आजी.

तिने अंगठ्याने रेष घासून पाहिली. मग दाराआडचा कोयता पुढे ओढला. पात्यावर हिरड्याचे जुने डाग होते, तितकेच काळे.

"हा व्हय," आजी म्हणाली. "हा तर धुतल्यानं जात न्हाई."